वेलीवरचे सात तुंबे

नवापूरहून तीन दिवसांनी परत आलेल्या चारुलताबाईंनी पिशवी ओट्यावर टेकवली आणि चप्पल न काढता, तोंडावर पाणी न मारता, घराला वळसा घालून थेट परसात गेल्या. जीव इथे अडकला होता ना! तिकडे मुलाच्या, ललितच्या घरी नातवाचं जावळ निघत होतं, आणि आजीबाई मनात वेलीला पाणी घालत होत्या.

मागे पत्र्याची शेड होती, अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर घातलेली. त्या पत्र्यावर वेल पसरली होती. चारुलताबाईंनी मान वर केली. वेल होती. पानं होती. चार-दोन पिवळी पानं तेवढी खाली पडली होती.

तुंबे नव्हते. एकसुद्धा नव्हता.

"माय वं!" म्हणून बाई चुलीशेजारच्या दगडावर बसल्या. मग उठल्या, शिडी लावली, पन्नाशी उलटल्याचं विसरून वर चढल्या आणि पानं उचलून उचलून पाहिली. तोडल्या देठांचे सहा ठुबे हाताला लागले. बोरं झोडपतात तशी कुणीतरी बांबूने झोडपून फळं पाडली होती. कुणीतरी कसलं! नाव विचारायची गरजच नव्हती. पाणी घालायला म्हणून घराची किल्ली एकाच माणसाकडे दिली होती.

रंजिता!

अक्कलकुव्याच्या त्या कॉलनीत चार बायकांचा एक मेळ होता. चारुलताबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, शेजारच्या रंजिताबाई, कोपऱ्यावरची कामिनी, आणि वयाने सगळ्यांत मोठ्या नर्मदाबाई. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे चौघी मिळून चारुलताबाईंच्या गच्चीवर बिबडे आणि कुरडया घालत, कारण तिथे ऊन दिवसभर राही. कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता नर्मदाबाईंचा, म्हणून लोणचं त्यांच्या ओसरीत. थंडीतलं गोडधोड रंजिताबाईंकडे. आणि वर्षभर जिच्या परसात जे पिकेल त्याचा वानोळा उरलेल्या तिघींकडे. वालाच्या शेंगा गेल्या की त्याच ताटात गिलकी परत यायची. रिकामं ताट कुणी परत करायचं नाही. फोनवर ग्रुपसुद्धा होता, 'परसातलं ताटात' नावाचा. त्याची मुखत्यार अर्थातच रंजिता.

मेळ चांगला होता, नाही कोण म्हणतंय? पण या रंजिताबाईच्या हाताला खाज होती. वेलीवर काही जून व्हायला लागलं की तिला झोप यायची नाही. स्वतःच्या वेलीवर असो नाहीतर दुसऱ्याच्या, बाई चाकू घेऊन हजर. मागच्या वर्षी चारुलताबाईंनी बियाणाला राखलेलं वांगं तिने भरीत करून वर चारुलताबाईंनाच वाढलं होतं. तेव्हा बाई हसल्या होत्या. आज हसण्यासारखं काही नव्हतं.

कारण हे तुंबे खायचे नव्हतेच. ते कालीबाईच्या मुलाच्या, जगदीशच्या कमरेला बांधायचे होते.

मोलगीकडच्या एका पाड्यावर चारुलताबाईंनी अकरा वर्षं शाळा केली. तिथे पोरांची खिचडी शिजवायची ती कालीबाई. पावसात जीप बंद पडायच्या तेव्हा बाई तिच्याच घरी राहायच्या, तिच्याच चुलीपाशी झोपायच्या. चार वर्षांपूर्वी कालीबाईची सून बाळंतपणात अडली. तेव्हा कालीबाई देवाला बोलली होती: बाळ-बाळंतीण जिवंत घरी आली तर जगदीश पाच वर्षं होळीला बसेल, म्हणजे होळीचं व्रत धरेल, आणि शेवटच्या वर्षी आपल्या घरच्या बियांच्या वेलीचे पाच तुंबे बांधून नाचेल. दोघी आल्या. नात आता अंगणात कोंबड्यांमागे पळते. जगदीश चार वर्षं बसला, खात्या नावाच्या काकाकडून मागून आणलेले तुंबे बांधून. येती होळी पाचवी.

यंदा कालीबाईची वेल रानडुकरांनी उपटून टाकली. वाचलं ते फक्त तिने मृगात बाईंना आणून दिलेलं थोडं बी. म्हणजे त्या घरच्या बियांची जिवंत वेल उरली होती ती एकच, अक्कलकुव्यात, चारुलताबाईंच्या पत्र्यावर. नवरात्रात कालीबाई येऊन फळं मोजून गेली. "सात आहेत बाई. पाच बांधायचे, एक बियाला, एक फुटला-तुटला तर. होळीच्या महिनाभर आधी काढू. तोवर वेलीवरच राहू द्या. आणि खायचे नाहीत हे." चारुलताबाई म्हणाल्या होत्या, "काही काळजी करू नकोस. मी आहे ना!"

मी आहे ना! शिडीवरून उतरताना ते शब्द आठवून बाईंना स्वतःचाच संताप आला.

रंजिताबाईंच्या घरात तुपाचा वास सुटला होता. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी हळदीकुंकू. चौरंगावर कलश मांडलेला, पुढे पाच फळं, आणि त्या पाचांत केळी-पेरूच्या शेजारी, हिरवट सालीचा, गोल पोटाचा, लांब मानेचा एक तुंबा दिमाखात बसलेला. स्वयंपाकघरात रंजिताबाई पदर खोचून कढईत उलथणं फिरवत होत्या.

"उनी का वं?" त्या मान न वळवता अहिराणीत म्हणाल्या. "बरं जायं उनी. हलवा व्हवावरच शे."

"रंजिता, मन्हा तुंबा कोठे गयात?"

"कोणता तुंबा?"

"दुधी वं! पत्रावरना दुधी!"

"ओ ते! जून हुई ऱ्हायनात व्हतात, म्हनीसन तोडी टाकात. तुन्हं ते ध्यानच नही. आणखी आठ दिन ऱ्हातात ना, ते लाकूडच हुई जातात. आतेच कोयत्यावाचून कापायनात नहीत." आणि वर हसून, "दोन किसात. सव्वादोन लिटर दूध आटाडं."

लाकूडच तर करायचं होतं त्यांचं! चारुलताबाई एवढंच म्हणाल्या, "ते खावाना नहीत."

"दुधी खावाना नही, ते काय उशाले लेवाना?"

"चाख एकदाव. चाखी देख."

"नैवेद्य ना पहिले?" रंजिताबाईंनी उलथणं असं वर धरलं की जणू मास्तरीणबाईंनी देवीलाच शिवी दिली. "एवढी शिकेल-सवरेल बाई, आनि उष्टा नैवेद्य दाखाडाले सांगी ऱ्हायनी!"

आता या बाईला काय म्हणावं? दुसऱ्याच्या पत्र्यावरची फळं न विचारता झोडपताना देव आड येत नाही, आणि चमचाभर चाखताना येतो. चारुलताबाईंनी पुढचा विचार केला नाही. कढईच्या कडेचा हलवा बोटावर घेतला आणि तोंडात घातला. दुसऱ्या क्षणी त्या मोरीकडे धावल्या. थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. साखर, तूप, वेलदोडा सगळ्यांना पुरून उरलेला कडवटपणा घशापर्यंत गेला होता.

"कडू जहर शे," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

रंजिताबाईंचा चेहरा पडला. आता नैवेद्य उष्टा झालाच होता, म्हणून त्यांनीही बोटाच्या टोकावर कणभर घेऊन जिभेला लावला आणि हातातलं उलथणं ओट्यावर टाकलं. "सव्वादोन लिटर दूध," त्या म्हणाल्या. "माय माय माय! पंधरा बाया येतीन आते."

"तुले दूधनी पडेल शे?" आता मात्र चारुलताबाईंचा आवाज चढला, तो पार गल्लीत गेला. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. कालीबाई, अडलेली सून, पाच वर्षं, रानडुकरं, घरचं बी. "तिन्हा नवस व्हता तो! आनि तू त्यान्हा हलवा करी टाका! इचारानं नही? फोन नही का तुन्हाकडे?"

रंजिताबाई ऐकत होत्या. मग त्यांचे डोळे भरून आले आणि मग त्यांनाही राग आला. रडताना चिडायची त्यांची सवयच होती.

"तू कव्हय सांगं व्हतं वं माले? तू! कव्हय सांगं?" त्यांनी हलव्याच्याच हाताने फोन उचलला, बोटाने सरकवत सरकवत दसऱ्यापर्यंत मागे गेल्या आणि पडदा चारुलताबाईंच्या नाकासमोर धरला. "हाई वाच. मोठ्यानं वाच."

फोटोत चारुलताबाई नव्या साडीत वेलीखाली उभ्या होत्या. खाली त्यांनीच लिहिलेलं होतं: 'माझ्या परसातला दुधी. अस्सल देशी बियाणं, मी स्वतः जपलेलं.' त्याखाली कामिनीच्या टाळ्या, नर्मदाबाईंचे जोडलेले हात, रंजिताबाईंची सात फुलं.

"कालीबाईनं नाव कोठे शे यान्हामा?" रंजिताबाई म्हणाल्या. "कालीबाईना शेतस म्हनीसन तू एक शब्द बोलती ना, ते मी हात लावती का? दुसरानं राखेल मी कव्हय तोडं? तुन्हा ते मन्हा, म्हनीसन तोडात."

वांग्याची आठवण काढावी असं चारुलताबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते वांगं चारुलताबाईंचंच होतं. आणि फोटोखालचं वाक्यही त्यांचंच होतं, शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट. हाच फोटो त्यांनी परसबागवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपवरही टाकला होता. तिथे अनोळखी लोक 'ताई, बियाणं मिळेल का' विचारत होते, आणि ताईंना ते फार गोड वाटत होतं.

"बाकीना चार कोठे शेतस?" बाई म्हणाल्या. "चाल. चाल पहिले."

एक चौरंगावरच होता. "देवीना पुढलं फळ कसं उचलू?" म्हणून रंजिताबाई अडल्या. तेव्हा चारुलताबाईंनी स्वतः हात जोडले, देवीची क्षमा मागितली, तुंबा उचलला आणि त्या जागी मोसंबी ठेवली. बाकीचे तिन्ही वानोळा म्हणून गेले होते. एक पलीकडच्या गल्लीत, रंजिताबाईंच्या नणंदेकडे. नणंद विळी मांडून बसलेलीच होती. पात्यावर फळ टेकवलं होतं, आणि नवऱ्याला हाक मारत होती, हे मेलं कापलंच जात नाही म्हणून. "थांब!" असं चारुलताबाई फाटकातूनच ओरडल्या, तर तिच्या हातून फळ निसटलं. सालीवर नखभर ओरखडा आला होता, पण निभावलं.

कामिनीने तर तुंबा फ्रिजमध्ये कोंबला होता. त्यासाठी दुधाचं पातेलं बाहेर काढून ठेवलं होतं आणि ते नासलं होतं. ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला दुधी आवडतच नाही. पण नाही म्हटलं तर रंजिताताई रागावतात." कामिनी धुळ्याची, शिकलेल्या घरातली, तिचं बोलणं पुस्तकी. रंजिताबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढचं गिळून बसली.

नर्मदाबाईंकडे तर कहरच. दार वाऱ्याने आपटतं म्हणून म्हातारीने तुंबा दाराला लावून ठेवला होता. "घट शे चांगला," त्या कौतुकाने म्हणाल्या. तो काढून घेतल्याबरोबर दार धाडकन आपटलं आणि त्यांनी दोघींना वाटेपर्यंत ऐकवलं. दिलेला वानोळा कुणी माघारी नेतं का, असलं त्यांच्या जन्मात त्यांनी पाहिलं नव्हतं.

हळदीकुंकवाला पंधरा बायकांना शेंगदाण्याचे लाडू मिळाले, तेही अर्धा अर्धा.

शनिवारी दुपारी कालीबाई आली. बाजाराच्या निमित्ताने जीपने उतरली होती, डोक्यावर आमचुराचं गाठोडं. चारुलताबाईंनी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. नुसतं 'येऊन जा' म्हणाल्या होत्या. ओसरीत चार तुंबे जुन्या चादरीवर मांडून ठेवले होते. रंजिताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवनीतराव, म्हणजे चारुलताबाईंचे यजमान, वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेले होते. बायकांच्या भानगडीत तेच त्यांचं घर.

चारुलताबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना 'रंजिताने' हा शब्द जरा जास्तच वेळा आला.

कालीबाईने पहिल्यांदा काय विचारलं? तुंब्यांचं नाही. ती म्हणाली, "खाल्लं का कोणी?"

"नाही गं. तोंडाला लावलं आणि थुंकलं आम्ही दोघींनी."

"बरं झालं. उलट्या लागतात त्याने. माझी आत्या मरता मरता राहिली." मग ती चादरीपाशी बसली. बोटांच्या पेरांनी एकेक तुंबा वाजवून पाहिला, कान लावला, देठाकडची जागा दाबली. "चुलीवर टांगीन. धुरात वाळतील. थोडे सुरकुततील, पण वाळतील." तिने पुन्हा मोजले, हाताने नाही, नुसत्या नजरेने. "चार."

"चार," चारुलताबाई म्हणाल्या.

"पाच बोलली होती मी."

रंजिताबाई पुढे सरकल्या. त्यांनी गुरुवारपासून धड जेवण केलं नव्हतं. बोलायच्या नाहीत, पण दिसत होतं. "कालीबाई, बाजारात मिळतील ना एक? मी आणते. मोलगीला जाऊन आणते." त्या घाईने मराठीत बोलत होत्या, शाळेत उभं केल्यासारखं.

"मिळेल ना, बाई. लोक विकतात." कालीबाईने पदराने तोंड पुसलं. "पण मी घरच्या वेलीचे बोलली. सून आत मरायला पडली होती, तेव्हा बोलली. आता बाजारचा बांधला तर कोणाला कळणार नाही. मला कळेल."

कालीबाई रागावली असती तर सोपं झालं असतं. ती नुसती त्या चार तुंब्यांकडे बघत बसली होती, आणि हात तिने मांडीत ठेवले होते.

आणि चारुलताबाईंची नजर आत, माळ्याकडे गेली.

वेलीवर ठुबे सहाच होते, कारण फळं सहाच राहिली होती. सातवा तुंबा चारुलताबाईंनी स्वतःच काढला होता. दिवाळीच्या आधी. सगळ्यांत सुबक, सगळ्यांत आधी वाळलेला. एक फुटला-तुटला तर म्हणून ठेवलाय ना, मग फुटला असं समजू, असा त्यांनी मनाशी हिशोब केला होता. त्याला भोकं पाडून आत दिवा लावायचा, बैठकीत टांगायचा, फोटो टाकायचा. पितळी होल्डरसुद्धा मागवून ठेवला होता. तुंबा माळ्यावर होता, उशीच्या जुन्या अभ्र्यात. नवनीतरावांनाही ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर कालीबाईने फोन करून विचारलं होतं, "सात आहेत ना बाई?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "आहेत, आहेत."

गप्प राहिलं तर? कुणालाच कळणार नव्हतं. रंजिताने सातही तोडले, तीन किसले, संपलं. दोन दिवस त्यांनी हेच घोकलं होतं. रंजितावर ओरडताना तर खरंच तसं वाटायलाही लागलं होतं. आणि ही कालीबाई म्हणते, मला कळेल! कशाला म्हणायचं असं?

"हे कालीबाईचं म्हणजे ना..." असं काहीतरी पुटपुटत चारुलताबाई उठल्या. आतून स्टूल ओढत आणलं. नवनीतराव म्हणाले, "काय शोधतेस? मी काढू?" त्यांच्यावर त्या खेकसल्या, "तुम्ही पेपर वाचा!" वर चढल्या, माळ्यावर हात घातला, आणि अभ्रा खाली घेऊन आल्या. ओसरीत येऊन त्यांनी तो तसाच कालीबाईच्या मांडीवर ठेवला.

कालीबाईने आतला तुंबा काढला. हलवून पाहिला. आत बिया खुळखुळल्या. पिवळा, कडक, हलका, हवा तसा वाळलेला.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "कधी काढला?"

"दिवाळीआधी."

"मी फोन केला तेव्हा?"

"घरात होता." चारुलताबाईंनी एक श्वास घेतला. "माळ्यावर. लपवून ठेवला होता मी."

कालीबाईने तुंबा फिरवून पाहिला. पोटावर पेन्सिलीने ठिपके काढलेले होते, ओळीने, फुलाच्या आकारात. "हे काय?"

"दिवा करणार होते. टांगायला."

कालीबाईने अंगठा जिभेला लावला आणि एकेक ठिपका पुसायला लागली. घाई नव्हती तिला. पुसता पुसता म्हणाली, "मागायचा ना, बाई. तुमच्या पत्र्यावर झाला, तुम्ही पाणी घातलं. होळी झाली की मी तुम्हाला पाचही दिले असते."

चारुलताबाईंना वाटलं, आता रंजिताने बोलावं. तिचा हक्क होता. दोन दिवस तिने शिव्या खाल्ल्या होत्या, दारोदार हिंडली होती, नणंदेसमोर, कामिनीसमोर, त्या म्हातारीसमोर खाली मान घालून उभी राहिली होती. आता तिने कमरेवर हात ठेवून सगळी गल्ली गोळा करावी, फोन नाकासमोर धरावा, काय वाटेल ते बोलावं. बोल ना गं बाई! एरवी तुझं तोंड बंद होत नाही!

रंजिताबाईंनी चारुलताबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरकून कालीबाईशेजारी बसल्या, पदराचं टोक ओलं केलं, आणि तुंब्याच्या दुसऱ्या बाजूचे ठिपके पुसायला लागल्या.